हॉल जाड, खोली पातळ

३ नोव्हेंबर २०१४, सोमवार

म्हणे माझ्या घरात पायरी आहे! इथे परदेशात, हौगांगच्या चौथ्या मजल्यावरच्या सरळ सपाट फ्लॅटमध्ये पायरी शोधून काढायला एम.कॉम.च व्हावं लागतं. आम्ही सातवीवाले. नऊ वर्षं इथे केर काढतोय, आम्हाला कुठली दिसायला.

एम.कॉम. म्हणजे सुचित्रा, माझी धाकटी जाऊ. बुकित पंजांगला कॉन्डोत राहते. खाली पोहायचा तलाव आहे, घरात पोहता एकालाही येत नाही. काल सासूबाईंना घेऊन आली होती. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या वॉकर घेऊन चालतात. हॉलमधून बाजूच्या खोलीत जाताना वॉकरचं चाक दारात गचकन खाली गेलं आणि सासूबाई पुढे झुकल्या. पडल्या नाहीत. चौकट धरली. पडल्या नाहीत म्हणजे विषय संपला की नाही? पण सुचित्रानं असा आवाज काढला की शेजारची टान आंटी कॉरिडॉरमधून डोकावून गेली.

आता ह्यात गुपित काही नाही. आमच्या हॉलमध्ये लाकूड आहे जाड आणि खोलीत आहे पातळ. हॉलचं अस्सल, एका कॉन्डोतून उपटलेलं, ह्यांच्या शिपयार्डातल्या मित्रानं मिळवून दिलेलं. खोलीत चिकटवायच्या पट्ट्या, पापडासारख्या. मी मुद्दाम तसं करून घेतलं. येणारंजाणारं हॉलमध्ये बसतं. खोलीत कोण बघतंय?

पण आता प्रश्न आलाय. सुचित्राच्या नवऱ्याची, चारुदत्तभावजींची, बँकेनं हाँगकाँगला बदली केली. डिसेंबरात जाणार. तिथली घरं म्हणे काड्यापेटीएवढी, आईंना नेता येणार नाही. म्हणजे सासूबाई एक तर आमच्याकडे येणार, नाही तर पुण्याला त्या सीनियर होममध्ये जाणार. सुचित्रानं मोबाइलवर त्याचे फोटो दाखवले. बघा ना वहिनी, जमीन कशी सगळी एका पातळीत. माणूस ठेवायला निघालीस आणि जमीन बघतेस होय गं?

मला म्हातारीची हौस नाही. सव्वीस वर्षांत दोन गोड शब्द बोललेल्या नाहीत. पण थोरल्या सुनेच्या घरात पायरी होती म्हणून सासू आश्रमात गेली, असं कराडला सासरच्या गावात झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेवढ्यासाठी करायचं. बाकी काही नाही.

२२ तारखेला सासूबाई दोन दिवस राहून बघणार आहेत. त्याच्या आत सांधा लोण्यासारखा करायचा. एका दुपारचं काम.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हे कामावरून आले आणि स्टीलची पट्टी घेऊन दारात पालथे पडले. बराच वेळ. मला वाटलं झोप लागली. उठून म्हणाले, एक सेंटिमीटरचा फरक आहे. ही माहिती मला सासूबाईंच्या वॉकरनं आधीच दिली होती.

ह्यांचं म्हणणं, उतरती घासलेली लाकडी पट्टी दारात बसवायची. ती एकाच बाजूला पक्की करायची आणि दुसऱ्या बाजूला फट सोडायची. मी म्हटलं, अडखळायला होतं म्हणून सांधा करतोय, त्यात फट कशाला? तर म्हणाले, लाकूड श्वास घेतं, दमट हवेत फुगतं, त्याला जागा लागते. श्वास घेतं! मी विचारलं, दमाबिमा नाही ना झाला त्याला?

जहाजावर पंचवीस वर्षं काढलेला माणूस. ह्यांना घर पण समुद्रात तरंगतंय असं वाटतं.

पट्टी कधी होईल विचारलं. यार्डात एकाला सांगतो, ओव्हरटाइम संपला की. ह्यांचा ओव्हरटाइम मी माप ओलांडून घरात आले त्या दिवशी सुरू झालाय.

मीच करणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दारात दोन पायपुसणी एकावर एक टाकली. काम खलास. एवढ्यासाठी स्टीलची पट्टी!

घरी वॉकर नाही म्हणून बाजाराची ट्रॉली घेतली, आत तांदळाची पिशवी टाकली. सासूबाईंएवढं वजन नाही, पण स्वभाव तोच, जिकडे नेऊ तिकडे जात नाही. ट्रॉली पायपुसण्यावर चढली आणि पायपुसणं घेऊनच पुढे गेली.

पायपुसणी चिनी होती. त्यांचा दोष.

८ नोव्हेंबर, शनिवार

खालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराला हातानं दाखवलं, हे वर, हे खाली, मध्ये असं उतरतं पाहिजे. त्यानं आतून काळ्या रबराचा एक उतार आणला, त्यावर पिवळे पट्टे. व्हेरी स्ट्राँग, आंटी. मजबूत तर होताच, घरी आणेपर्यंत खांदा निखळला.

मैत्रेयी कॉलेजमधून आली, बघून सोफ्यावर लोळून हसायला लागली. मा, दिस वन फॉर लॉरी, लाह! मी म्हटलं, लॉरी चढते तर आजी चढणार नाही? तर म्हणाली, आजी विल टेक ऑफ. अठरा वर्षांच्या मुलीला आईशी मराठीत भांडता येत नाही, आणि म्हणे डिप्लोमा करतेय.

उतार चांगलाच होता. जरा उंच होता, वीतभर. दारही लागेना. म्हणून ब्रेडच्या सुरीनं थोडा कापायला घेतला. सुरी गेली. परत द्यायला नेला तर दुकानदार म्हणाला, कट ऑलरेडी, आंटी, कॅनॉट. माल धड कापला जात नाही ही माझी तक्रार, आणि तो म्हणतो कापला म्हणून घेत नाही.

आता तो बाहेर कॉरिडॉरमध्ये टाकलाय. टान आंटी तिची सामानाची ट्रॉली त्याच्यावरून वरखाली करून बघत होती. व्हेरी नाइस. तिला सगळंच नाइस असतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

अक्कल नावाची गोष्ट देवानं वाटली तेव्हा ह्या घरातली माणसं ओव्हरटाइमला गेली होती. जो तो वरच्याला खाली आणायला बघतोय. खालच्याला वर उचला की! दोन्ही एका उंचीचे झाले की उतार नको, पट्टी नको, काही नको. सकाळी चहा गाळताना सुचलं.

रद्दी भरपूर आहे. कारंगुनीवाला, म्हणजे इथला भंगारवाला, खाली भोंगा वाजवत येतो, पण रद्दी फुकट नेल्यासारखीच नेतो, म्हणून मी त्याला देत नाही, बाल्कनीत रचून ठेवते. मैत्रेयी चिडायची. आता कळलं, आई का साठवते?

खोलीतल्या पट्ट्या उचकटल्या, पेपर अंथरले, थरावर थर, दाबून दाबून. वर पट्ट्या परत ठेवल्या. पहिल्यासारख्या चिकटेनात, म्हणून मधे मधे टेप. खोली संध्याकाळपर्यंत हॉलच्या बरोबरीला आली. कपाट हलवायला माणूस नव्हता, म्हणून कपाटाखाली काही घातलं नाही. कपाट आता विहिरीत उभं आहे. खालचा खण उघडत नाही. त्यात ह्यांचे जुने युनिफॉर्म आहेत, कुणाला हवेत?

हे आत जाऊन चालून बघून आले. म्हणाले, भाताच्या खाचरात चालल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, रात्री गादीवर पडताना मऊ लागली म्हणून तक्रार केल्याचं आठवत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही जमिनी बरोबर, पण मध्ये चिरेएवढी फट राहिलीच. शिवाय काही ठिकाणी खोली किंचित उतरती. आता लांबी भरायची. माझ्या माहेरी उंब्रजला सुताराचं दुकान आमच्या दाराला लागून होतं. भुसा, खडूची पूड आणि सरस, घट्ट मळायचं, फटीत दाबायचं. सात वर्षांची होते तेव्हापासून बघतेय. ते शिक्षण नाही, कारण त्याला सर्टिफिकेट नाही.

सरस इथे मिळत नाही, म्हणून हार्डवेअरवाल्याकडचा लाकडाचा गोंद आणला. त्यानं विचारलं, आंटी, लॉरी ओके? मी सुटे पैसे मोजून घेतले.

दाराची फट भरली. मग लक्षात आलं, हॉलभर भिंतीच्या कडेनंही फट सोडलेली आहे, वरून लाकडी पट्टी लावून झाकलेली. नऊ वर्षं मला फसवलं! लाकूड कमी पडलं असणार, म्हणून झाकलं. कामचुकार मेले. सगळ्या पट्ट्या काढल्या, सगळ्या फटी भरल्या. मुंगीला जायला जागा ठेवली नाही.

हे आले, बघितलं, आणि तोंड उघडून परत मिटलं. मी म्हटलं, श्वास घेताय का?

१५ नोव्हेंबर, शनिवार

लांबी दगडासारखी वाळली. काचपेपरनं घासली. बोटांची सालं निघाली, पण सांधा असा झालाय की डोळे मिटून हात फिरवला तर हॉल कुठे संपला नि खोली कुठे सुरू झाली कळत नाही.

खोलीचं दार आत उघडतं, ते आता जमिनीला घासायला लागलं. ह्यांनी दार उतरवून खालून रंधा मारला. अजून थोडं घेतो म्हणत होते. मी म्हटलं बास, जास्त घेतलं तर एसीची हवा जाते. बरोबर सुटलं, कागद सरकेल इतपत.

१६ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा. ट्रॉली तांदळासकट हॉलमधून खोलीत गेली. आवाज नाही, धक्का नाही. मग नारळ सोडला. गडगडत दारातून आत, थेट पलंगाखाली. मैत्रेयी म्हणाली, ओके, नॉट बॅड. तिच्या भाषेत हे भारतरत्न.

फोटो काढून कराडच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, सासूबाईंच्या खोलीचा सांधा, स्वतः केला. नणंदेनं फुलं पाठवली. सुचित्रानं नुसता अंगठा. एम.कॉम. होऊन शेवटी अंगठाच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल कराडहून नणंदेचा फोन. म्हणाली, आईला तुझ्याकडेच राहायचंय गं मनातनं, पण ती बोलायची नाही.

मला काय फरक पडतो. विचारलं पण नव्हतं मी.

खोलीच्या खिडकीला नवा पडदा शिवला. जुना फाटला होता, आज ना उद्या शिवायचाच होता. बाजारात तीळ दिसले, आणले. बाजरीचं पीठ सेरांगूनला जाऊन आणलं. असंच, त्या बाजूला काम होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घर धुतलं. धुतलं म्हणजे धुतलं, बादलीनं. इथल्या बायका मॉप फिरवतात, म्हणजे इकडची घाण तिकडे नेऊन पसरतात, वर लिंबाचा वास. वडीलधारं माणूस घरात यायच्या आधी जमिनीवरून पाणी वाहिलं पाहिजे. हॉलमध्ये दोन बादल्या, खोलीत एक. खराट्यानं लोटलं, फडक्यानं टिपलं, पंखे लावले.

हे घाबरून सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. लाकूड आहे, लाकूड आहे, म्हणत होते. मी म्हटलं, होडी पण लाकडाचीच असते. ती बरी बुडत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खोलीचं दार जरा घट्ट झालंय. खांदा लावला की लागतं. नवीन काम आहे, बसेल जागेवर.

हॉलमध्ये टीव्हीसमोर पाय दिला की कर्र आवाज येतो. हे म्हणाले, ऐकलंस? मी म्हटलं, टीव्हीतला आहे.

उद्या सांध्यावर हळदीकुंकू घालणार, बारीक रांगोळीची रेघ. खोलीचा उंबरा आहे तो. कॉन्डोत असतो का उंबरा? नुसती बटणं असतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सविस्तर लिहिते, म्हणजे उद्या कुणी काही वेगळं सांगायला नको.

सुचित्रा दहाला सासूबाईंना सोडून गेली. दारातूनच गेली, तिला पॅकिंग होतं. मी ओवाळलं. सासूबाई वॉकर घेऊन हॉलमधून निघाल्या, मागे हे, पुढे मी. खोलीच्या दाराशी आल्या आणि थांबल्या. खाली बघितलं. रांगोळी, हळद, कुंकू.

म्हणाल्या, उंबरा पुजलास होय. मी म्हटलं, हो, या ना, बघा कसा गुळगुळीत आहे, या. तर म्हणाल्या, पुजलेल्या उंबऱ्यावर पाय देऊ? आणि वॉकर उचलून पलीकडे ठेवला. एक पाय जमिनीवर, ऑपरेशनचा पाय हवेत, चौकटीला एक हात! अठरा दिवस त्या ठिकाणी पाय उचलावा लागू नये म्हणून मी बोटं झिजवली, आणि ही बाई तिथेच टांग टाकतेय. ह्यांनी मागून धरलं म्हणून, नाही तर काय झालं असतं लिहवत नाही.

परत अलीकडे घेतलं. मी पदरानं पुसायला गेले तर सासूबाई ओरडल्या, पायाखालचं कुंकू पदरानं पुसतेस? अवदसा. मग आता काय? म्हणाल्या, पाणी घाल, वाहू दे, म्हणजे मोकळं झालं. मी तांब्या आणला. एकानं जाईना. दुसरा. तिसरा. पाणी सगळं खोलीकडे गेलं. त्याला काय, गुळगुळीत असल्यावर जाणारच. आत जाऊन पट्ट्यांच्या मधनं कुठे गेलं ते दिसलं नाही. बरंच झालं म्हटलं, पुसायला नको.

मग सासूबाई वॉकर ढकलत आत गेल्या. सरळ. बदक पाण्यातून जातं तशा. पलंगावर बसल्या, जमिनीकडे बघून म्हणाल्या, बरी झालीय. बरी! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे इकडचे तिकडे केले.

जेवण झालं. हे यार्डात गेले, शनिवारचा ओव्हरटाइम. सासूबाई म्हणाल्या पडते जरा, दार ओढून घे. मी दोन्ही हातांनी घट्ट ओढून घेतलं.

चार वाजता आतून हाक. शुभदा, दार उघड गं. मी ढकललं. नाही. मैत्रेयीनं ढकललं. नाही. दोघींनी मिळून. दार खालून असं रुतलं होतं की जणू आतून कुणी धरून बसलंय. मैत्रेयी खाली वाकून म्हणाली, मा, द पेपर इज सोकिंग, इट्स लाइक ब्रेड. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, मराठीत म्हणाली, आई, फुगलंय सगळं.

त्या खोलीची खिडकी बाहेर कॉरिडॉरवर उघडते, लोखंडी गज आहेत. धावत तिकडे गेले. आत नवा पडदा बाजूला करून सासूबाई वॉकर धरून उभ्या. बाहेर मी. तुरुंगात भेटायला आल्यासारखं. टान आंटी आलीच. आय कॉल अँब्युलन्स, नाइन नाइन फाइव्ह? मी म्हटलं नो नो, ग्रँडमदर रेस्टिंग. सासूबाईंनी गजातून तिच्याकडे बघून नमस्कार केला. टान आंटी आत जाऊन संत्रं घेऊन आली. गजातून दिलं. सासूबाईंनी पदरात घेतलं. कोण कुणाच्या भाषेत बोलत नव्हतं आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. मला सव्वीस वर्षं एका भाषेत जमलं नाही.

हे यार्डातून निघाले होते, पण सेम्बावांगहून यायला वेळ. मी चहा केला. कप गजातून जाईना, म्हणून वाटीत ओतून दिला. मग भाकरी. तीळ लावलेली बाजरीची, चतकोर चतकोर करून. त्यांनी तीन चतकोर खाल्ले. चौथा मागितला. सुचित्राकडे ओट्स असतात म्हणाल्या, तिच्याबद्दल ह्यापेक्षा जास्त नाही बोलल्या. भाकरी तुझीच गं, असंही म्हणाल्या. हे कशाला लिहितेय कोण जाणे.

मी म्हटलं, सासूबाई, एवढं सोडलं तर बाकी सांधा कसा झालाय? आत येताना कळलं तरी का?

त्यांनी वाटी गजातून परत दिली. म्हणाल्या, आत यायला सगळ्यांचीच घरं गुळगुळीत असतात, शुभदा. पुण्याचं ते पण असंल. मला एवढंच बघायचं होतं, माझी मी बाहेर पडू शकते का.

वाटी रिकामीच होती, तरी मी ती पदरानं पुसली.

हे सहाला आले. दाराच्या खालच्या अंगाला करवतीनं चौकोन कापला, हात घालून ओला पेपर मुठीमुठीनं बाहेर ओढला. लगदा, काळी शाई, टोपलीभर. मग दार सुटलं. सासूबाई हळूहळू बाहेर आल्या, कापलेल्या भोकाकडे बघून म्हणाल्या, प्रकाश, मांजर पाळलंय का?

आज हॉलमध्ये गादी घालून झोपल्यात. खोलीचं काय ते सकाळी बघू. पेपर काढले की काहीच प्रश्न नाही. सांधा तर शाबूत आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

हॉलमध्ये डोंगर आलाय.

सकाळी उठून बघते तर टीव्हीसमोर लाकूड मधोमध वर, दोन्हीकडून रेटल्यासारखं. खाली मांजर मावेल. सासूबाईंची गादी बाजूला भिंतीशी होती म्हणून बरं. त्या उठून बसल्या होत्या आणि डोंगराकडे बघत होत्या, रुक्मिणीच्या देवळात बघावं तशा. रात्रभर कर्रकर्र करत होतं बाई, म्हणाल्या. मला वाटलं तुम्ही दोघं भांडताय.

हे खाली बसले, भिंतीच्या कडेच्या लांबीवर नख मारलं. श्वास घ्यायला जागा नव्हती, एवढंच म्हणाले. हळू आवाजात. ह्यांच्या हळू आवाजाचा मला भयंकर राग येतो.

सुचित्राला फोन करावा लागला. आली, दारातून घाईनं आत शिरली, मोबाइलकडे बघत, आणि डोंगराला अडखळून सोफ्यावर. लागलं नाही तिला. तसं म्हणजे बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. सासूबाईंकडे बघितलं तर त्या पदर तोंडाला लावून खोकत होत्या. खोकला नव्हता तो.

जाताना दारात मी सासूबाईंना विचारलं, मग काय ठरवलं? म्हणाल्या, विचार करून सांगते. सुचित्रा म्हणाली, होमची जागा आठ दिवसांत सांगावी लागेल वहिनी, नाही तर जाते. मी म्हटलं, घाल चुलीत ती जागा.

संत्रं न्यायला विसरल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांनी रजा टाकली. ओव्हरटाइम नाही, रजा. लग्नानंतरची दुसरी. दोघांनी मिळून हॉलची फळी न् फळी उपटली. मग खोलीतल्या पट्ट्या. मग उरलेली रद्दी. कारंगुनीवाल्यानं ओली म्हणून फुकटसुद्धा घेतली नाही, नाक मुरडून भोंगा वाजवत गेला.

खाली सिमेंट. हॉलमध्येही तेच, खोलीतही तेच. इकडून तिकडे एकसारखं. नारळ सोडला, तो दारात जराही न थांबता खोलीच्या खिडकीपर्यंत गेला.

ह्यांनी नारळ उचलून माझ्या हातात दिला.

मी तर पहिल्यापासून म्हणत होते, लाकूड पाहिजे कशाला. मोठ्यानं म्हटलं नसेल.

ठरवलंय. जाड लाकूड धुऊनपुसून वाळवायचं आणि खोलीत घालायचं. फटी सोडून. हॉल राहील सिमेंटचा. येणारंजाणारं बसेल सिमेंटवर, नाही तर बसू नये. हे म्हणाले, मग परत पायरी होईल, ह्या वेळी दुप्पट, आणि उलटी. ह्यांना जिकडेतिकडे पायऱ्याच दिसतात. मी म्हटलं, मग बसवा तुमची ती उतरती पट्टी, एका बाजूनं पक्की, दुसऱ्या बाजूला फट. ह्यांनी दारात एक जाड फळी ठेवली, स्टीलची पट्टी काढली आणि पालथे पडले. मी पण वाकून बघितलं. अठरा मिलिमीटर.

अकराला बुकित पंजांगला फोन केला. सुचित्रानं उचलला. आई झोपल्यात. म्हटलं उठव. नको वहिनी, थकल्यात. मग तिलाच सांगितलं, लिहून घे म्हटलं, शिकलेली आहेस. खोलीला दार नाही, काढून ठेवलंय. परत बसवायचं का नुसता पडदा ठेवायचा, ते त्यांनी सांगायचं. बसवलं तर आतून बाहेर येताना बोटानं ढकललं की उघडेल असं बसवू, ते माझ्याकडे लागलं. भाकरीचं पीठ अजून आहे, तीळ पण आहेत, ते खराब होतात. बाजारातून आणलेली वस्तू किती दिवस ठेवायची माणसानं?

म्हणाली, वहिनी, त्यांनी अजून ठरवलेलं नाही. म्हटलं तेच विचारतेय. गुरुवारी दिवेलागणीच्या आत मला उत्तर पाहिजे. येते तर येते म्हणायचं, नाही तर नाही. गुरुवार म्हणजे गुरुवार, शुक्रवारी मी फोन उचलणार नाही.

आणि अंगठा पाठवायचा नाही. त्यांच्या तोंडून पाहिजे.